एकोणचाळिसावा फॉर्म

देवानं माणसाला एक अक्षर दिलं, मला अडतीस दिली. यात अतिशयोक्ती असलीच तर दोन-चाराची असेल, त्याहून जास्त नाही. मी पोलिसात क्राइम रायटर होतो. म्हणजे गुन्ह्याचे कागद लिहिणारा हवालदार. आमच्या मराठवाड्यात हवालदाराला जमादार म्हणतात, त्यामुळं ठाण्यात मला सगळे जमादारच म्हणायचे. ठाणं नांदेड जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या अंगाचं. नाव सांगत नाही. तिथली मंडळी अजून नोकरीत आहेत आणि मला पेन्शन अजून हवी आहे.

माझी लिहायची पद्धत अशी. साक्षीदार समोर बसला, बोलायला तोंड उघडलं, की मी म्हणायचो, "थांबा, आधी पाणी प्या." त्याचा पेला रिकामा होईपर्यंत त्याचं बयान लिहून तयार. खाली सही केली की तो मोकळा. एकदा तर मी एका मुक्या माणसाचं दीड पानी बयान लिहिलं. इतकं रसाळ झालं होतं की कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "तिथं एवढं बोललात, मग इथंच का गप्प?"

आणि कोठडीत कुणाला मार बसला, तर त्याचंही माझ्याकडं एक ठरलेलं वाक्य होतं. 'पाय घसरून पडल्याने मुका मार लागला.' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पाहणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं कागद चाळून फरशी बदलायचा प्रस्ताव वर पाठवला. आमच्याकडं कुठलाही प्रस्ताव मंजूर होत नाही, हा झाला. खडबडीत नवी फरशी आली. माणसं नव्या फरशीवर घसरू लागली.

मी हे हसत सांगायचो. लातूरला सासुरवाडीच्या लग्नात, नांदेडला कोर्टाच्या कँटीनमध्ये, कुठंही. लोक हसून लोळायचे. वाक्य कुणाबद्दल आहे, हे त्यांच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही. मीही नाही.

मग ती आली. महिला शिपाई, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. नवरा धर्माबादच्या आडत दुकानात मुनीम. तीन वर्षं अर्ज करकरून तिनं हे जवळचं ठाणं मिळवलं होतं. एसटी स्टँडच्या मागं एक खोली, त्यात सासू आणि आठ महिन्यांची लेक. दुपारी अर्धा तास सुट्टी मिळाली की पळत जाऊन लेकीला पाजून यायची, पळतच. ठाण्यातली पोरं म्हणायची, ऑलिंपिकला हिलाच पाठवा. तिचं सगळं जगणं त्या स्टँडपासून ठाण्यापर्यंतच्या रस्त्यावर उभं होतं, तो रस्ता सुटला की संसार सुटला.

तिला रिपोर्ट लिहायला मीच शिकवलं. समास किती सोडायचा, 'सदर' कुठं घालायचा, खाडाखोड झाली तर बाजूला सही कशी करायची. ती मला काका म्हणायची. तिचं अक्षर ठसठशीत, गोल. 'ठ' काढताना ती गाठ खालून उलटी फिरवून बंद करायची, लेकीच्या झबल्याची नाडी बांधावी तशी. मी चिडवायचो, "पोरी, सगळं जग ठ वरून खाली काढतं, तू खालून वर निघालीस." ती म्हणायची, "काका, घट्ट बसतो असा."

त्या वर्षी शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. संशयावरून एका पंक्चरवाल्याला आणलं. भर दुपारची वेळ. आमचे फौजदार, म्हणजे ठाण्यातले दोन नंबरचे साहेब, त्याला आतल्या खोलीत विचारत होते. तो पाणी मागत होता. ती पेला भरून घेऊन गेली. दारात पोचली तेवढ्यात, दाराकडं पाठ असलेल्या फौजदारांनी त्याच्या कानाखाली उघड्या तळहाताचे दोन दिले. आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. पंक्चरवाल्याच्या कानातून रक्त आलं.

ती तोच भरलेला पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, डायरीत नोंद घ्या."

"कशाची?"

"तुम्ही आयकलं न्हाई?"

"मी लिहून राहिलो होतो. लिहिताना मला आयकू येत न्हाई."

"मंग मी लिहिते. द्या डायरी."

मी डायरीवर कोपर ठेवलं. माझं कोपर लई जड होतं म्हणतात. आख्खं सरकार त्याच्यावर टेकलेलं होतं. "पोरी," मी म्हटलं, "पाणी मला दे, तहान लागली मला. आन त्याचा पाय घसरला हाय."

तिनं पाणी मला दिलं नाही. बाहेर जाऊन कुंडीत ओतलं.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ती सोडून दिलेल्या त्या माणसाला स्वतःच्या खर्चानं सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं विचारलं, कानाला काय झालं? तिला वाटलं, आता तरी हा बोलेल. तो म्हणाला, "पाय घसरला साहेब." मी लिहिलेल्या बयानाखाली त्यानं सही केली होती ना. आपण सही केलेलंच खरं, असं त्याला वाटत होतं, की दुसरं काही बोललं तर दुसरा कान जाईल असं वाटत होतं, ते त्यालाच ठाऊक. चोर पुढं दुसराच निघाला. त्यावर फौजदार म्हणाले, "जाऊ द्या, आता हा जन्मात चोरी करायचा न्हाई."

यानंतर दोनेक महिन्यांनी अभ्यास करणारी दोन माणसं आली, एक बाई, एक गडी. त्यांना जाणून घ्यायचं होतं की पोलिसांना आपल्याच माणसांच्या गैरवर्तनाबद्दल काय वाटतं आणि ते कसं थांबवावं. छापील फॉर्म होते, आमचा स्टाफ एकोणचाळीस म्हणून मोजून एकोणचाळीस. 'तुमच्या सहकाऱ्याने ताब्यातील व्यक्तीला मारहाण केली. हे किती गंभीर वाटते? तुम्ही वरिष्ठांना कळवाल का?' असे दोन पानं प्रश्न, उत्तरापुढं टिकमार्क करायचे. शेवटी चार मोकळ्या ओळी: 'गैरवर्तन रोखण्यासाठी काय करावे?' नाव लिहायचं नाही. फॉर्म एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायचा. त्या बाईंनी खोक्याला कागदी पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली आणि म्हणाल्या, "मनमोकळं लिहा. हे कुणी वाचणार नाही, फक्त आम्ही. उद्या दुपारी खोकं न्यायला येतो."

त्यांची जीप वळली आणि मोठे साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, मला म्हणाले, "जमादार, पोरं बंदोबस्तात हायेत. तुम्हीच भरून टाका."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडं रक्तगटाचा तक्ता असो, वृक्षारोपणाचा अहवाल असो, सगळ्यांचं सगळं रायटर भरतो. मी बाह्या वर सारल्या. एका दुपारात अडतीस फॉर्म! नाकाबंदीवरच्या पोराचं घाईचं अक्षर, देगलूरच्या पोलीस नाईकाचं कानडी वळणाचं, ड्रायव्हरचं धक्के खाणारं. एकजण डावखुरा, त्याचा फॉर्म मी डाव्या हातानं भरला, म्हणजे कलेशी बेइमानी नको. फौजदार चहा घेत मागं उभे होते. म्हणाले, "माझ्या उत्तरात थोडं इंग्रजी टाका जमादार, मी पदवीधर हाय."

मी विचारलं, "सायेब, 'मारहाण किती गंभीर' याला काय टिक करू?"

"अतिशय गंभीर."

"आन 'कळवाल का'?"

"तात्काळ कळवीन." आणि मोठ्यानं हसले. "गैरवर्तन म्हंजे काय जमादार? जे पकडलं गेलं ते. बाकी सगळी कामाची पद्धत."

अडतीस जणांना मारहाण अतिशय गंभीर वाटली. अडतीस जण तात्काळ कळवणार होते. रोखण्याचा उपाय म्हणून बाराजणांनी योगासनं सुचवली, नऊजणांनी ध्यान, उरलेल्यांनी व्यायामशाळा, वाचनालय आणि एक व्हॉलीबॉलचं नेट. त्या दुपारी जगात आमच्याइतकं सज्जन ठाणं नव्हतं.

एकोणचाळिसावा फॉर्म तिनं मला भरू दिला नाही. फौजदार आत गेल्यावर स्वतः घेतला, बाकावर बसून भरला, घडी केली आणि खोक्यात टाकला. मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. तेवढं एकच काम मी त्या दिवसात चांगलं केलं.

पण संध्याकाळी मोठ्या साहेबांना वाटलं, एकदा खोकं उघडून सगळं ठीक आहे का बघावं. मी म्हटलं, "सायेब, पट्टीवर बाईची सही हाय."

"मुद्देमालाची सीलं आयुष्यभर लावली तुम्ही, आन एक पट्टी उघडंना का?"

चहावाल्याची किटली मागवली. तिच्या वाफेवर पट्टी अशी सुटली, जशी तापल्या दुधावरची साय. साहेब एकेक फॉर्म चाळत होते, मान डोलवत होते. आणि थांबले. चार मोकळ्या ओळींत लिहिलं होतं:

'मी पाहिलं. पाणी मागितलं म्हणून मारलं. कान फुटला. नोंद घेतली नाही. जे घडतं ते तसंच लिहिलं तर पुढच्या वेळी हात थांबेल.'

खोलीत साहेब, फौजदार आणि मी. 

फौजदार म्हणाले, "कोण हाय हा हरामखोर?"

मग मी माझ्या नोकरीतला सगळ्यात कसून केलेला तपास पाहिला. त्या हद्दीत दोन खून उघडकीला यायचे बाकी होते, चोर सापडूनही मोटारींचा तर पत्ताच नव्हता. पण या पाच वाक्यांसाठी शाईचा रंग बघितला, घडी कशी घातली ते बघितलं, ड्युटी तक्ता काढून पंक्चरवाल्याला आणलं त्या दुपारी ठाण्यात कोण होतं ते तपासलं. तक्त्यावर सात नावं निघाली. साहेबांनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

"जमादार, अक्षराचे तुम्ही मास्तर. कुणाचं हे?"

निवृत्तीच्या सत्कारात मी ही हकिगत सांगितली तेव्हा इथं मी टेबलावर मूठ आपटली होती. "सायेब, हे अक्षर माझं!" असं गरजलो होतो, आणि टोपी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली होती. मंडपात टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या जमादारानं डोळे पुसले. त्यानं डोळे पुसलेले पाहून मलाही क्षणभर ते खरं वाटलं होतं.

खरं झालं ते असं. मी चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणालो, "वळखू येईना सायेब. कुणीतरी मुद्दाम वाकडं काढलंय."

साहेबांनी माझ्या चष्म्याकडं बघितलं. तीस वर्षं गुन्हेगार बघितलेला माणूस तो. मग एकदम मऊ झाले. "जाऊ द्या. पोरखेळ हाय कुणाचातरी. हा फाडून टाकू. पण त्या बाईनं एकोणचाळीस मोजून दिलेत, एकोणचाळीसच परत गेले पाहिजेत. एक कोरा हाय का?"

कोरा नव्हता. पण फौजदारांनी एका फॉर्मवरची उत्तरं पांढऱ्या कागदानं झाकून बाजूच्या दुकानातून त्याची झेरॉक्स आणली, मागचं-पुढचं जुळवून. साहेब म्हणाले, "आता भरा. आन अक्षर याच्यासारखंच ठेवा. न जाणो, तुमच्या अडतिसातलं एखादं अक्षर बाईला दोनदा आलेलं दिसलं तर."

मला हायसं वाटलं. पोरगी वाचली! एक कागद गेला तर गेला. तिची खोली राहिली, लेक राहिली, स्टँडचा रस्ता राहिला. मी मन लावून लिहायला बसलो. लिहिताना मला ऐकू येत नाही हे मी तिला खोटं सांगितलं होतं. पण लिहिताना मला भान राहत नाही, हे मात्र खरं आहे. मी टिकमार्क केले. अतिशय गंभीर. तात्काळ कळवीन. आणि मोकळ्या ओळींत तिच्या ठसठशीत, गोल अक्षरात लिहिलं, 'कठोर शिस्त ठेवावी व ठाण्यात योगवर्ग सुरू करावा.'

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "वा! जुळी भावंडं. जमादार, बोटं सोन्यानं मढवली पाहिजेत तुमची." मी लाजलो. खरंच लाजलो, नव्या नवरीसारखा.

मग त्यांनी बोट ठेवलं. "हा ठ लई वेगळा काढलाय. खालून उलटा."

"हाव सायेब. तिचा तसाच..."

थांबलो. पण 'तिचा' बाहेर पडला होता. आणि तो पडला नसता तरी चाललं असतं, कारण साहेबांचं दुसरं बोट तिच्या ओळींवर होतं.

"या सबंध मजकुरात ठ एकबी न्हाई जमादार. तीनदा वाचला मी. मंग तुम्ही हे तीन ठ कुठून आणले?"

फौजदार उठून महिला कक्षाचं रजिस्टर घेऊन आले. हरवलेल्या बायकांची नोंदवही, ती तीच लिहायची. प्रत्येक पानावर 'राहण्याचे ठिकाण'. प्रत्येक ठिकाणाचा ठ नाडी बांधल्यासारखा, खालून वर.

मी गयावया केली. "सायेब, तान्ही पोर हाय तिची. नवरा धर्माबादला हाय. तिला बोलवा, दोन शब्द रागवा, मी समजावतो."

साहेब रागावलेले नव्हते. त्याचंच मला जास्त भय वाटलं. म्हणाले, "रागवायचं काय त्याच्यात? खरंच लिहिलंय तिनं. पण आज कागदावर लिहून राहिली, उद्या कोर्टात सांगंल. मंग फौजदाराची नोकरी, माझी चौकशी, तुमचं पेन्शन. एक कान किती जणांना बहिरं करंल, हिशेब करा. आन पोरांना कळलं तर ती तिला इथं जगू देतील व्हय? लांब गेली तर तिचंच भलं."

त्यांना हे मनापासून वाटत होतं. गैरवर्तनाबद्दल पोलिसांना काय वाटतं, हे त्या बाईंना खरंच जाणून घ्यायचं असतं तर त्यांनी त्या संध्याकाळी तिथं बसायला हवं होतं.

खोकं परत चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पट्टीवरची सही बघितली, समाधानानं मान हलवली. जाताना त्यांनी तिलाच विचारलं, कारण तिथं बाई माणूस ती एकटीच होती, "लिहिलं ना मोकळेपणानं?" ती म्हणाली, "हो म्याडम." तिचा चेहरा उजळला होता. मी तेव्हा पेनात शाई भरत होतो. पेन बॉलपेन होतं.

तीन आठवड्यांनी बदलीचा कागद आला. 'प्रशासकीय कारणास्तव' माहूरच्या बाजूला, जिल्ह्याचं दुसरं टोक. नकाशावर वीतभर दिसतं. तान्ह्या पोराला घेऊन बसनं निघालं की जन्म अर्धा सरतो. ती रडली नाही. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, माझं नाव तर लिहिलंच नव्हतं मी."

मला तेव्हा मूग गिळून बसता आलं असतं. आयुष्यभर खोटं लिहिलेल्या माणसाला आणखी एक खोटं काय जड! पण का कोण जाणे, मी सांगून टाकलं. किटली, झेरॉक्स, ठ, सगळं. बहुतेक मला वाटलं होतं की ती शिव्या देईल आणि मी मोकळा होईन.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माझं लिहिलेलं गेलंच न्हाई?"

"न्हाई."

"मी लिहिलं, कठोर शिस्त ठेवावी?"

"हाव."

"योग?"

मी मान हलवली. ती हसली. मी तिला हसताना खूपदा पाहिलं होतं, पण हे हसू मला ओळखता आलं नाही.

तिचा कार्यमुक्तीचा आदेश मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार? ज्या दिवशी ती सुटली त्याच दिवशी वरून पत्र आलं, आमच्या ठाण्याची मतं आदर्श आहेत म्हणून. साहेबांनी पेढे मागवले. फौजदारांनी पहिला पेढा मला भरवला. मी तो खाल्ला. थुंकला असं सांगावंसं लई वाटतं, पण खाल्ला, आणि गोड लागला.

मी स्टँडवर गेलो. सासू दोन गाठोड्यांवर बसली होती. नवरा दुकानातून सुट्टी न मिळाल्यानं आला नव्हता. ती लेकीला खांद्यावर टाकून उभी होती. मी गाठोडं उचलायला वाकलो, तिनं पायानं ते जरासं बाजूला सरकवलं. लेक माझ्याकडं बघून हसली, तिला काही ठाऊक नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "तिकडं रायटर कोण हाय?"

"वळखीचा हाय. जुना माणूस हाय, भला हाय."

"तुमच्यासारखाच?"

"हाव. माझ्यासारखाच."

तिनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मंग माझी बदली कुठं झाली, काका?"

बस लागली. कंडक्टर ओरडू लागला. सासू आधी चढली, मग गाठोडी, मग ती. मी खिडकीपाशी उभा होतो. जन्मभर मला कधी शब्द कमी पडला नव्हता, मुक्याकडूनही मी दीड पान काढलेलं. तिच्या प्रश्नाला मी अजून उत्तर जुळवून राहिलो आहे.